बन्याचा काजवा

परकी फौज गावात शिरली त्या सकाळी मी चिमणीची धार काढत होते. भीती वाटायची ती नंतर वाटली. आधी मला हसू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

चिमणी ही माझी म्हैस. नाव चिमणी असलं तरी ती आडवी उभी राहिली की रस्ता बंद होतो. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस उभी करायची आणि गिऱ्हाइकासमोर थेट पेल्यात धार काढून द्यायची, ही आमची जुनी रीत. मी तेजस्विनी साळोखे, पन्नाशीला टेकलेली, गावाच्या तोंडी तेजाक्का. त्या सकाळी कोपऱ्यावरून सात परके शिपाई बंदुका रोखून आले, तेव्हा माझ्या हातातल्या पेल्यात फेस काठावर आला होता. मी पेला पुढे केला आणि गिऱ्हाइकानं तो उभ्याउभ्या रिचवून मिशा पुसल्या. त्यासरशी सातही जणांच्या हेल्मेटवर, कानशिलापाशी, वाटाण्याएवढा निळा दिवा लुकलुकला. चिमणीनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं आणि जागेवरच शेण टाकलं. दिवे पुन्हा लुकलुकले. बंदुका विसरून सगळा कट्टा हसला.

ती फौज कुठल्या बेटांच्या संघाची, समुद्राच्या करारावरून भांडण कसं पेटलं आणि तहात आमचं शहर, सांगली-साताऱ्यासकट, त्यांच्याकडे ‘तात्पुरतं’ कसं गेलं, हे सगळं आता शाळेच्या पुस्तकात आहे. ज्याला हौस असेल त्यानं ते वाचावं. मला आठवतं ते एवढंच, की तिन्हीसांजेनंतर बाहेर पडायला बंदी झाली, तालमींना कुलपं लागली, पंचगंगेच्या पुलावर पहारे बसले आणि चौकातल्या मनोऱ्यावर परका झेंडा चढला. चार माणसं एकत्र उभी राहिली तरी शिट्टी वाजायची. ज्या गावाचं निम्मं आयुष्य कट्ट्यावर जातं त्या गावाला ही शिक्षा म्हणजे तोंडात बोळा कोंबल्यासारखी होती.

पण त्या निळ्या दिव्यांनी आम्हाला एक करमणूकही दिली. लोकांनी त्यांना नाव ठेवलं काजवे. शिपाई काय बघून चकित होतो ते त्याच्या तोंडावर दिसत नसे, काजव्यावर दिसे. राजवाड्यासमोरून फिरताना एकाचाही काजवा पेटला नाही, तेव्हा गावाला चांगलाच राग आला. आणि पेटले कशाला? स्कूटरवर मागे बसलेल्या बाईनं मांडीवर उभं कपाट धरलं होतं, त्याला. रस्त्यात एकमेकांच्या अंगावर धावून गेलेले दोघे पाच मिनिटांत एकाच बशीत चहा ओतून घेत होते, त्याला. निरोप घेऊन उठलेल्या पाहुण्या दारात उभ्या राहून नव्यानं तासभर बोलत होत्या, त्याला. जो तो भेटेल त्याला “जेवलास काय?” विचारतो, हा काहीतरी सांकेतिक शब्द असावा, असा अहवालही म्हणे वर गेला होता. मला स्वतःला हे सगळं कधी दिसलंच नव्हतं. काजवा पेटला की मी वळून बघायची आणि माझं मलाच नवल वाटायचं.

त्या सातांमधला एक बेर्नित. उंच, लाल कानांचा, पस्तिशीतला. पहिल्याच आठवड्यात त्यानं घाबरत घाबरत पेला तोंडाला लावला आणि मग रोज पहाटेची गस्त संपवून माझ्या डाव्या हाताच्या खांबाला टेकून उभा राहू लागला. पैसे देण्याआधी मी पेला देत नसे. त्याच्याकडे बंदूक होती म्हणून त्याला सवलत नव्हती. सुरुवातीला तो कानातल्या यंत्राच्या मदतीनं बोलायचा. सहा महिन्यांत यंत्र खिशात गेलं आणि तोंडात अस्सल कोल्हापुरी आली. कट्ट्यानं त्याचा बन्या केला.

काजव्याचं शास्त्र त्यानंच मला समजावलं. आपला मेंदू कधी रिकामा बसत नाही. पुढच्या क्षणी काय दिसणार, काय ऐकू येणार, याचा तो आधीच अंदाज बांधून ठेवतो. जिना उतरताना आपण पायरीकडे बघत नाही, पाय त्या अंदाजावर पडतो; आणि पायरी आहे असं वाटून पाय टाकला नि पायरी नसलीच, की काळजात धस्स होतं. असा अंदाज चुकला की क्षणाच्या आत मेंदूत विजेची एक बारीक लाट उठते. ती कवटीच्या बाहेरूनही पकडता येते. हेल्मेटच्या अस्तरात त्यासाठी केसासारख्या तारा विणलेल्या होत्या. एकाला काही वेगळं दिसलं की त्याचा दिवा पेटायचा आणि बाकीचे सावध व्हायचे.

“मग पेटायचा थांबला तर?” मी विचारलं.

“मग आक्का, तो शिपाई कामातनं गेला,” बन्या म्हणाला. “गावाचं नवल वाटायचं थांबलं की त्याला काही खटकत न्हाई. वरनं हुकूम आला तर हात उचलत न्हाई. आमच्या लोकांनी लई गावांत हे मोजलंय. म्हणून आठवडाभर काजवा विझलेला राहिला की त्याला घरी धाडत्यात आणि नवा आणत्यात.”

हे ऐकायला माझ्यामागे विशूअण्णा बोडके उभे होते. कुलूप लागलेल्या तालमीचे ते वस्ताद. पोरांना मातीत लोळवायचं बंद झाल्यापासून त्यांचे हात नुसते शिवशिवत होते. बन्या गेल्यावर ते माझ्याजवळ सरकले.

“आक्का, ऐकलंस न्हवं? ह्यांचं काजवं विझवायचं!”

“कसं? फुंकर मारून?”

“लोणचं मुरतंय तसं मुरवायचं. दगूड नको, काठी नको. नुसतं बोलवायचं. बारशाला, साखरपुड्याला, वाटणीच्या भांडणाला. आपल्याकडं काय कमी हाय व्हय?”

आणि गावानं फौज मुरवायला घेतली. चारजणांनी जमायला बंदी होती, पण शिपायांना घेऊन जमलं तर हरकत घेणार कोण? मुलाचं नाव ठेवताना पाळण्याची एक दोरी शिपायाच्या हातात दिली जाई. दोन भावांच्या भिंतीचा वाद त्यांच्या साक्षीनं मिटे आणि त्यांच्याच साक्षीनं पुन्हा सुरू होई. विशूअण्णा त्यांना एकाच कुस्तीची गोष्ट इतक्यांदा सांगत, की शेवटी शिपाईच पुढचा डाव सांगायचे. पांढऱ्या रश्श्यावर तांबडा घ्यायचा की आधी, यावर त्यांच्या छावणीत दोन तट पडले. भराभर काजवे विझले. विझलेले घरी गेले, नवे आले, दिवाळीच्या माळेसारखे लुकलुकत. त्यांनाही मुरवलं. आमचं बघून सांगली-साताऱ्यानं तेच आरंभलं. त्या चिमुकल्या बेटांवर नवखी माणसं असणार तरी किती? शेवटच्या तुकडीत तर टक्कल पडलेले हिशेबनीस होते आणि एक गाण्याचे मास्तर.

पहिल्या सातांपैकी मात्र एकटा बन्या उरला होता. त्याचा काजवा विझत नव्हता. आणि त्याला कारण मी होते, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत होते.

झालं होतं असं. माझा एकुलता भाऊ लहानपणीच गेला. भाऊबीजेला ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात, तशी मी वर्षानुवर्षं ओवाळत आले. फौज आली त्या वर्षी तिन्हीसांजेला मी तबक घेऊन दारात आले, तर समोर बन्या.

“आक्का, आत जा. बाहेर यायला बंदी हाय.”

“चंद्राला तुझी बंदी सांग जा,” मी म्हटलं. तो खरंच वर बघायला लागला. आभाळ भरलेलं होतं, चंद्राचा पत्ता नव्हता. माझं डोकं फिरलं. “मग तूच बस! बस म्हटलं न्हवं? टोपी हाय डोक्यावर, तेवढं बरं हाय.”

तो बिचारा पाटावर बसला. मी निरांजन त्याच्याभोवती फिरवत होते आणि त्याचा काजवा थांबायचं नाव घेत नव्हता. कुंकू लावलं, साखर भरवली. आता काय करायचं असतं, असं त्यानं विचारलं. बहिणीला काहीतरी द्यायचं, बहिणीनं ते बघून नाक मुरडायचं आणि दर वर्षी हे असंच करायचं, असं मी सांगितलं. त्यानं खिसे चाचपले आणि गस्तीची शिट्टी माझ्या तबकात टाकली. मी नाक मुरडलं. आत येऊन मात्र मी खूप रडले, आणि ते बऱ्याच वर्षांनी आलेलं सुखाचं रडू होतं.

म्हणून बाकीचे जाऊ लागले तेव्हा मला धडकी भरली. बन्याचा काजवा विझला की तोही जाणार. मग मी रोज काहीतरी काढू लागले. एकदा चिमणीच्या पाठीवर बसून कट्ट्यावर आले. एकदा त्याला आमच्या गल्लीतल्या हिंदुरावतात्यांच्या दहाव्याला घाटावर नेलं. तात्यांच्या पिंडाला कावळा शिवेना. सगळे नातेवाईक हात जोडून कावळ्याला वचनं देत होते: नातीचं लग्न लावतो, शेत विकत नाही, काकूंना सांभाळतो. कावळा ढिम्म. बन्याचा काजवा भडाभडा पेटत होता. शेवटी तोच पुढे झाला आणि म्हणाला, “तात्या, तुमच्या स्कूटरची काळजी सोडा. दर रविवारी मी पुसतो.” कावळा झपकन खाली आला. त्यानंतर एकही रविवार त्यानं चुकवला नाही.

रोज सकाळी तो खांबाला टेकायला यायचा आणि काजवा पेटलेला दिसला की मला हायसं वाटायचं. माझ्या युक्त्या लागू पडतायत, असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या वर्षाची दिवाळी जवळ आली आणि बातमी फुटली की त्यांचा सेनापती स्वतः येतोय. नवखी माणसं संपली होती. आता एकच प्रश्न होता: काजवे पेटत असतील तर कोल्हापुरात कायमची छावणी, विझले असतील तर फौज मागे. आणि परीक्षेला दिवस निवडला भाऊबीजेचा, म्हशी पळवायचा. त्या दिवशी आम्ही म्हशींची शिंगं रंगवतो, गळ्यात घुंगरं आणि कपाळावर मोरपिसं बांधतो, आणि सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलमागून मालकाच्या हाकेवर त्यांना भर रस्त्यात पळवतो. आदल्या वर्षी त्यावर बंदी होती. एवढं बघूनही ज्याला नवल वाटणार नाही तो शिपाई खरोखरच मुरला, असा सेनापतीचा हिशेब असावा.

विशूअण्णांनी कंबर कसली. शिपायांना गोठ्यागोठ्यांत नेऊन शिंगं रंगवायला बसवलं. मोटारसायकलींच्या आवाजाची सवय लावली. सगळी तयारी झाल्यावर ते माझ्याकडे आले, आणि या वेळी आवाजात चेष्टा नव्हती.

“तेजाक्का, सगळ्यांचं काजवं विझलं. तुझ्या एकट्या बन्याचा का पेटतोय?”

मी पेले विसळायला घेतले.

“तुझं मन कळतंय गं मला. पण तालमीचं कुलूप बघितलंस? गंजलंय. माझी पोरं मातीचा वास इसरली.”

अण्णा गेले आणि मी चिमणीजवळ जाऊन बसले. त्यांना जे ठाऊक नव्हतं ते माझ्या कनवटीला होतं, बन्याची शिट्टी. दोन महिने गोठ्यात दार लावून मी चिमणीला शिकवत होते. एक लांब शिट्टी वाजली की ती पुढचे दोन्ही गुडघे टेकून, शिंगं जमिनीला लावून मुजरा करायची. असलं कोल्हापुरात कुणी बघितलं नव्हतं. सेनापतीसमोर ती शिट्टी वाजली असती तर रस्त्यावरचा प्रत्येक काजवा पेटला असता. फौज राहिली असती. माझा भाऊ राहिला असता.

भाऊबीजेच्या सकाळी बन्या आला. पाट त्यानंच मांडला. टोपी नीट केली, कुंकवासाठी मान पुढे केली, साखरेसाठी तोंड उघडलं. मी निरांजन फिरवलं आणि मला दिसलं की काजवा काळा आहे. एकदाही लुकलुकला नाही. जन्मभर हेच करत आल्यासारखा तो बसला होता. मला आनंद झाला आणि त्याच वेळी कळलं, आता हा जाणार.

“ओवाळणी?” मी विचारलं.

“देतो की संध्याकाळी. लगेच नाक मुरडू नकोस.”

दुपारी रस्ता दुतर्फा भरला. मंचावर सेनापती, हातात पाटीएवढा पडदा. त्यावर प्रत्येक शिपायाचा काजवा ठिपक्यासारखा दिसत होता. पहिली मोटारसायकल कडाडली. मागून गुलालात न्हालेली म्हैस मोरपिसं हलवत चौखूर उधळली. मी शिपायांकडे बघितलं. काळोख. हिशेबनीस तर शेजारच्याला म्हैस कुणाची आणि दूध किती देते ते सांगत होते. सगळ्या रस्त्यात एकच काजवा फडफडत होता, खुद्द सेनापतीचा. लोक तोंडाला पदर-रुमाल लावून हसत होते.

मग माझी पाळी आली. चिमणीला घेऊन मी मंचासमोर थांबले. शिट्टी ओठात धरली. मंचाखाली बन्या उभा होता आणि सरळ माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोक्यावर, मागे, मनोऱ्यावरचा झेंडा दिसत होता. गर्दीत विशूअण्णा डोळे मिटून उभे होते. जे होईल ते त्यांना बघवणार नव्हतं. चिमणीनं कान टवकारले. तिला शिट्टी हवी होती, मुजरा करून गूळ हवा होता. माझी छाती भरून आली, श्वास ओठापर्यंत आला. आणि मी शिट्टी काढून कनवटीला खोचली.

“चल गं बाई,” मी म्हटलं, आणि चिमणी इतर म्हशींसारखी पुढे चालू लागली.

सेनापती लालबुंद झाला. पडद्यावर ठिपका नाही, समोर हसणारी गर्दी. तो उठून ओरडला, “रस्ता मोकळा करा! जनावरं ताब्यात घ्या! काठ्या उचला!”

आणि काजवे पेटले. एकदम, सगळे, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला वाटलं, आता छावणी कायमची. मग कळलं. म्हशींचं ज्यांना नवल वाटलं नाही त्यांना या हुकमाचं नवल वाटलं होतं. सणाच्या दिवशी, ज्यांच्या घरी सकाळी फराळ केला त्यांच्यावर काठी उचलायची? असलं काही घडेल असा अंदाजच त्यांच्या मेंदूनं बांधला नव्हता. हिशेबनीसांचा पेटला होता, गाण्याच्या मास्तरांचा पेटला होता, बन्याचा तर सगळ्यात जास्त. कुणीही जागचं हललं नाही. सेनापतीनं पडद्याकडे बघितलं, शिपायांकडे बघितलं. काजव्याचं शास्त्र त्याला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. तो खाली बसला आणि कुणीतरी त्याच्या हातात करंजी दिली.

आठवड्याभरात फौज निघाली. पुलावर बन्या मला शोधत आला. हातात त्याचं हेल्मेट होतं.

“ही ओवाळणी. हरवलं म्हणून सांगतो तिकडं.”

मी नाक मुरडलं, पण ते नीट जमलं नाही. मग मी सगळं ओकून टाकलं: चिमणीचा मुजरा, शिट्टी, वर्षभराच्या युक्त्या.

बन्या हसला. “मुजरा मला ठाऊक होता. गोठ्याच्या भिंतीपलीकडनंच तर माझी गस्त जायची. शिट्टी रोज ऐकत होतो.”

“मग रोज सकाळी तुझा काजवा का पेटायचा रं?”

“सणाचा दिवस सोडला तर कट्ट्यावर यायच्या आधी छावणीत हजेरी व्हायची, आक्का. साहेब वरडायचा, ह्या लोकांशी बोलू नका, ह्यांच्यावर डोळा ठेवा. रोज नवल वाटायचं मला. तुझ्याकडं येईस्तोवर तो विझायचाच न्हाई.”

“म्हणजे मी म्हशीवर बसले ते फुकट?”

“न्हाई, ते भारी होतं,” तो म्हणाला आणि वाकून माझ्या पाया पडला. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग त्याला बराच वेळ सोडलं नाही. गाडीच्या खिडकीतून तो ओरडला ते तात्यांच्या स्कूटरबद्दल. रविवारी आता मी पुसते.

दुसऱ्या सकाळी मी ते हेल्मेट घालून कट्ट्यावर गेले. गाव हसून हसून बेजार झालं. तालमीचं कुलूप तोडलेलं होतं, विशूअण्णा अंगाला माती लावून आले होते आणि प्रत्येकजण माझा काजवा पेटवायच्या खटपटीत होता. कुणी कानात ओरडलं, कुणी तोंडं वेडावली, अण्णांनी ती कुस्तीची गोष्ट शेवट बदलून सांगितली. काजवा ढिम्म. माझंच गाव, मला काय नवल? मी त्यांना शिव्या हासडत चिमणीखाली बसले, धार काढली, फेस काठावर आला, आणि न बघता पेला डावीकडे, खांबापाशी पुढे केला.

तो कुणी घेतला नाही.

“आक्का,” विशूअण्णा हळूच म्हणाले, “काजवा पेटला की तुझा.”

मला ते सांगायची गरज नव्हती. पेल्यातल्या फेसावर निळा उजेड पडलेला मला दिसत होता.